शारजाला निघण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

शारजाच्या शाळेत शिकवायला जायचं तू मनावर घेतलंस. तुझ्या वडिलांनी फोनवर तिथल्या दिरहमचे रुपये किती होतात ते विचारलं आणि तू व्हिसाला किती दिवस लागतात ते. तिथे दिवस कसा जातो हे दोघांनीही विचारलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तासिका तत्त्वावर शिकवून तू कंटाळलीस, सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणंही झालं. तेव्हा जाऊ नको असं मी म्हणणार नाही. फक्त एवढं पक्कं लक्षात ठेव की तिथे नोकरी आणि राहण्याचा परवाना एकाच खुंटीला टांगलेले असतात. अमळनेरात नोकरी सुटली तर माणूस घरी बसतो. तिथे ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर सामान बांधावं लागतं.

त्यामुळे आधी कागद. तुझ्या बी.एड.च्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्ट लग्नानंतर काढलास. आपल्याकडच्या निम्म्या बायकांची गाडी इथेच अडते. नाव एकच आहे हे दाखवणारे कागद आत्ताच कर. मग शिक्के: राज्य सरकार, आपलं परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते स्वतः बघ. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाचा. 'दोन लाख भरा, सीट पक्की' म्हणणाऱ्याला चहा पाज आणि वाटेला लाव. त्याच्यासाठी शेत गहाण टाकू देऊ नकोस.

ऑफर लेटरमध्ये सगळे एकूण आकडा बघतात. तू बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, बघ. पेन्शन नाही, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, तोही बेसिकवरच. समज, हातात 4,000 दिरहम येतात आणि बेसिक 1,600 दाखवलंय. पाच वर्षांनी तुला 5,600 मिळतील. सगळं बेसिक असतं तर 14,000 मिळाले असते. गणिताची शिक्षिका आहेस, पुढचं तूच मांड. आणि पासपोर्ट शाळेत 'जपून ठेवायला' मागितला तर द्यायचा नाही. तो काढून घ्यायला तिथल्या कायद्यानेच मनाई आहे.

आता दिवस. शारजात 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी. ऐकून हरखू नकोस. उरलेले चार दिवस लांबलचक असतात. बऱ्याच शाळांत शिक्षकही मुलांच्याच बसने येतात, हिवाळ्यात अंधारातच स्टॉपवर उभं राहावं लागतं. शुक्रवार झोपेत आणि कपडे धुण्यात जातो, शनिवारी लॅपटॉपवर पाठाचे आराखडे भरायचे. स्टाफरूममध्ये मल्याळी बायका जास्त. कामाला वाघ आणि एकमेकींना धरून राहणाऱ्या. पहिले काही महिने तुला बाजूला पडल्यासारखं वाटेल. डबा उघडून त्यांच्यात जाऊन बस, कुणी बोलवायची वाट बघू नको.

मुलं हुशार आणि बोलायला धीट असतात. हात उगारणं तर सोड, आवाज चढवलास तरी पालकांचा मेल येतो. पण वर्षाच्या मध्येच एखादा बेंच रिकामा होतो. मूल आजारी नसतं, वडिलांची नोकरी गेलेली असते. कधी फी थकल्यामुळे दाखला अडकून पडतो. शाळेचा हिशोब तुझ्या हातात नाही, पण त्या मुलाची वही तपासून, कुठल्या धड्यापर्यंत झालं ते शेवटच्या पानावर लिहून त्याच्या हातात दे. नव्या शाळेतल्या बाईंना तेवढं पुरतं.

पालक शिकवणीला विचारतील, विशेष करून आपले मराठी. 'मॅडम, घरचंच समजा, तासभर या.' परवान्याशिवाय जाऊ नको. डिसेंबर 2023 पासून खासगी शिकवणीचा परवाना निघालाय, फुकट आणि दोन वर्षांचा. तो काढ आणि शाळेच्या करारात शिकवणीबद्दल काय लिहिलंय तेही वाच. महिन्याच्या चार पैशांसाठी व्हिसा पणाला लावायचा नाही.

सामानाचं तुझी आई बघेलच, पण तिला एक सांग. मसाल्याच्या डब्यात खसखस नको, पुडीतही नको. तिथे ती अंमली पदार्थात धरतात. घरचा काळा मसाला करताना खसखस टाकत असतील, तर तुझ्यासाठी वेगळा कुटायला लाव. खोकल्याची आणि दुखण्यावरची औषधंही चिठ्ठीशिवाय नेऊ नको, काहींना तर आधी परवानगी लागते. भाकरीसाठी कळण्याचं पीठ मात्र भरपूर ने. वांगी मिळतात, पण बामणोदच्या भरताच्या वांग्याची चव नाही. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये ती जाळावर भाजायला गेलीस तर अलार्म वाजेल आणि अख्खी बिल्डिंग खाली उतरेल. ओव्हनमध्ये भाज.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. आईच्या फोनमध्ये बोटिम हे कॉलचं अ‍ॅप टाकून तिला निघण्याआधीच शिकव. तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं. तू जेवून मोकळी होशील तेव्हा गावाकडे निजानीज झालेली असेल. संध्याकाळी शाळेतून आल्या आल्याच बोल.

सीबीएसईचं वर्ष तिथे एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं हुकणार. झोके, गौराईची गाणी, सगळं व्हिडिओवर. मी तिथे असताना मला सगळ्यात जास्त तेच सोसलं नाही. मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे श्रावणातला कानबाईचा सण बहुतेक सापडतो. तेव्हा सगळेच निघतात आणि तिकिटं पेटलेली असतात, म्हणून मुंबईचं विमान आणि पुढची रेल्वे फार आधी काढून ठेव. जावईबापूंना तिकडे न्यायची घाई करू नको. प्रोबेशनचे सहा महिने जाऊ दे, मग घर शोधा.

ऑफर लेटर आलं की सहीआधी फोटो पाठव, बेसिकची ओळ नीट दिसेल असा.

तुझ्या गणिताच्या बाई