वाचक विचारतात : जपानी सन्मानपदके

प्रश्न : जपानी रेड क्रॉसच्या सभासदपदकावर मागे ‘मेजी 21’ असे वर्ष आहे. विक्रेता ते 1888 चे म्हणून दुप्पट भाव सांगतो. घ्यावे का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : त्या भावाने अजिबात नको. मेजी 21, म्हणजे जपानी सम्राटांच्या कालखंडांवरून मोजलेल्या मेजी कालखंडाचे एकविसावे वर्ष, हे पदक सुरू झाल्याचे साल आहे, आणि तोच मजकूर पुढे कित्येक वर्षे तसाच उमटवला गेला. तुमचा नग कधीचा, हे सोबतच्या प्रमाणपत्रावरून ठरते. त्यावरच्या वर्षाचे इसवी साल काढायला मेजी कालखंडासाठी 1867, नंतरच्या ताइशोसाठी 1911, त्यानंतरच्या शोवासाठी 1925 मिळवा. ताइशो 10 म्हणजे 1921. प्रमाणपत्र नसेल तर धातू पाहा, ॲल्युमिनियमचे नग नंतरचे.

1881 मध्ये सुरू झालेल्या ‘होशो’ या सरकारी गौरवपदकांचे तसे नाही. लाल फीत जीव वाचवणाऱ्याला, निळी लोकोपयोगी कामाला. मागे मानकऱ्याचे नाव कोरलेले असते. नाव घासून काढले असेल तर भिंगातून तेवढा भाग किंचित खोलगट दिसतो. असा नग सोडून द्या; पदकाचा जीव त्या नावातच असतो.

प्रश्न : चांदी काळी पडली आहे. सराफ उजाळा देतो म्हणतात. देऊ का? (वाचक, जळगाव)

उत्तर : देऊ नका. तो काळा थर चांदी आणि गंधकाचा असतो. उजाळा देताना त्याच्यासोबत चांदीही जाते आणि फुलांच्या पाकळ्या बोथट होतात. रिठ्याच्या पाण्यात उकळले तर मीना आणि धातू कमीजास्त फुगतात आणि मीन्याचा टवका उडतो. चांदीची खात्री करायची तर सराफाकडे एक्सरे यंत्रावर तपासून घ्या, कसोटीवर मात्र घासू देऊ नका.

ठेवायला धुतलेले, खळ नसलेले सुती कापड घ्या. लोकर आणि रबर नकोच, त्यांच्यातल्या गंधकाने चांदी पुन्हा काळवंडते. पीव्हीसीच्या पाकिटात तांब्या-काशावर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर चढतो. पावसाळ्यात पदकाजवळ सिलिका जेल ठेवा, पण रोगण चढवलेल्या मूळ लाकडी पेटीत नको : लाकूड फार सुकले की आकसते आणि रोगण उचलते. आपल्या वैशाखात तर तापलेल्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात पेटी ठेवूच नका.

प्रश्न : थोड्या पैशांत सुरुवात कशाने करावी? (वाचक, धुळे)

उत्तर : जनगणनेच्या पदकाने. जपानची पहिली जनगणना 1 ऑक्टोबर 1920 रोजी झाली, त्या कामातल्या लोकांना ते मिळाले. बाजारात बऱ्यापैकी सापडते. मूळ फीत आणि पेटी असलेलेच घ्या.