हत्ती, हादगा आणि ‘मी आलो’

चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, भोंडल्याला पाटावर हत्तीच का काढतात? आणि मग हळूच, ‘मुली माझ्या मराठीला हसतात, तरी जाऊ का?’ तू तिथे पुण्यात आजीकडे आणि मी इतक्या लांब. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसले.

हत्ती पावसाचा आहे. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो. मृगापासून मोजायच्या पावसाच्या नऊ नक्षत्रांतलं हे शेवटचं, आणि हत्ती ही त्याची खूण. पुण्यात नवरात्रात भोंडला करतात. आमच्या गावी, गडहिंग्लजकडे, त्याला हादगा म्हणायचे आणि तो सोळा दिवस चालायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. सोळाव्या दिवशी सोळा.

1991 मध्ये अण्णांची बदली झाली आणि आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायला आलो. मी पाचवीत. कोल्हापूरकडे मुलीसुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, उशीर का? मी म्हटलं, ‘चालत आलो, बाई.’ अख्खा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मुली ‘आलो, आलो’ करत मागे फिरायच्या. मी बोलणंच सोडलं. उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही.

माझ्या बाकावरची मुलगीही बोलायची नाही. पहिल्याच अक्षरावर तिची जीभ अडायची. वाचायला उठवलं की ती बाकाची कड धरायची, नखं पांढरी होईपर्यंत.

नवरात्रात शाळेच्या पटांगणात भोंडला झाला. फेरात तिचा हात माझ्या हातात आला. गाणं सुरू झालं आणि ती गायला लागली. कुठेही न अडखळता, सगळ्यांत मोठ्यानं! मी गायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

मग खिरापत ओळखायची पाळी माझ्या डब्याची. मुलींनी कानाशी धरून हलवून पाहिला. वाजेना. शिरा? वड्या? कुणालाच येईना. आईनं तंबिटाचे लाडू दिले होते, भाजलेल्या पिठाचे, गुळातले. आमच्याकडे नागपंचमीला करतात ते.

घरी जाताना ती मागून आली. ‘तं... तं... तंबीट कसं करतात?’ तिचा शब्द पुरा होईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं, ‘पीठ आईनं भाजलं, लाडू मी वळलो.’ ती हसली नाही. मंडईपर्यंत आम्ही बोलतच गेलो.

परवा अप्पा बळवंत चौकातून तुझ्या वह्या घेऊन आली ना, तीच ती मावशी. अजून अडखळते. मीही आजीशी बोलताना ‘आलो’च म्हणते.

तू जा भोंडल्याला. आजीला तंबीट करायला सांग, तिला फार आवडेल. आणि डबा गच्च भर, म्हणजे वाजणार नाही.

तुझी
आई