डच शिकायला घेतलंय? आधी एवढंच करा

अभिनंदन! व्याकरणाचं जाडजूड पुस्तक तूर्तास कपाटात ठेवा. पहिले दोन महिने एवढ्यावरच लक्ष द्या:

१. शब्द कधीच एकटा पाठ करू नका. 'ताफल' (टेबल) नाही, 'दे ताफल'. 'हाउस' (घर) नाही, 'हेत हाउस'. 'दे' आणि 'हेत' म्हणजे नामाआधी येणारे, इंग्रजी 'the'सारखे शब्द. आपण नाही का 'तो रस्ता, ते झाड' असंच शिकलो? अनेकवचनाला मात्र नेहमी 'दे', आणि छोटुकल्या रूपाला नेहमी 'हेत': 'दे ताफल', पण 'हेत ताफलच्ये' (छोटं टेबल).

२. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी. वाक्य 'उद्या'ने सुरू केलंत की कर्ता मागे सरकतो: 'मॉर्खन खा इक नार उत्रेख्त', शब्दशः 'उद्या जातो मी उत्रेख्तला'. सगळे इथेच अडखळतात, कारण डोक्यात इंग्रजी चालू असतं. 'कारण' अर्थाच्या 'ऑमदात'नंतर मात्र क्रियापद थेट शेवटी: 'ऑमदात इक झीक बेन', कारण मी आजारी आहे. अगदी मराठीसारखं! इथे इंग्रजी सोडून मराठीतून विचार करा.

३. 'वेळ नाही' म्हणताना 'नीत' (नाही) नको, 'खेन' (नामाआधीचा नकार) हवं: 'इक हेब खेन तैत'.

तुटणारी क्रियापदं (वाक्यात ज्यांचे दोन तुकडे होतात ती) आणि 'एर' हा छळवादी छोटा शब्द नंतर बघू.

बोलायला मात्र आजच लागा. मी बेकरीत कितीतरी दिवस 'दे ब्रोत' म्हणायचो (हवं 'हेत'), तरी पाव मिळायचाच. समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, तेव्हा हसून डचमध्येच उत्तर द्या.