पाचू नको, तुरमली चालेल का?

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर पोरीचा साखरपुडा आहे अन् तिला हिरव्या खड्याचीच अंगठी पाहिजे. पाचू बघितला तर बजेटच्या पार बाहेर, वरून आत चिरा. सराफ म्हणाले तुरमली घ्या, टूरमालिन म्हणतात ती. घरात सगळे म्हणायलेत नकली आहे. काय करावं?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : नकली अजिबात नाही हो, तुरमली हे जमिनीतून निघणारं स्वतंत्र रत्न आहे, फक्त आपल्याकडं नवरत्नांत नाही म्हणून घरच्यांना परकं वाटतंय. नाव सिंहली 'तोरमल्ली'वरून आलं. श्रीलंकेतून हे खडे डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेले, आणि तिकडं लोकांच्या लक्षात आलं की खडा गरम झाला की राख ओढून घेतो! म्हणून दुकानातल्या शोकेसमधे दिव्याखाली ठेवलेल्या तुरमलीवर शेजारच्या खड्यापेक्षा जास्त धूळ दिसली तर दचकू नका, तो तिचा स्वभावच आहे.

मला एकच सांगायचंय, 'स्वस्तातला पाचू' म्हणून घेऊ नका, तुरमली म्हणूनच बघून घ्या. खडा चिमट्यात धरून खिडकीपाशी न्या, दुपारच्या उजेडात, आणि हळूहळू फिरवा. एका बाजूनं ओल्या गवतासारखा हिरवा अन् दुसऱ्या बाजूनं गडद, कधी पार काळपट, असा एकाच खड्यात फरक दिसतो. कारागिरानं पैलू पाडताना दिशा चुकवली असेल तर अंगठीत खडा मेलेला दिसतो, तसला मोठा असला तरी सोडा. मग दहापट भिंग मागून घ्या आणि वरून आत बघा, खालच्या पैलूंच्या कडा जोडीनं, दुहेरी दिसतील, एका बाजूनं नाही दिसल्या तर जरा तिरपं करून बघा. काचेत तसं होत नाही, काचेत उलट गोल बुडबुडे सापडतात. शंका राहिलीच तर जयपूर किंवा मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट मागा आणि तापवलाय का, चिरांत राळ भरलीय का हे बिलावर लिहून घ्या. हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नाही, हे बरेच जण विसरतात.

रोज घालायची असेल तर कोंदणाकडं जास्त लक्ष द्या. कडकपणा ७ ते ७.५, म्हणजे आपल्या धुळीतल्या गारेच्या कणांपेक्षा जेमतेम वर, त्यामुळं उंच पंज्यात बसवू नका, सोन्याची कड चारी बाजूंनी येईल असं बंद कोंदण करा. भांडी घासताना काढून ठेवायची. धुवायला कोमट पाणी, साधा साबण अन् मऊ ब्रश, सराफाकडच्या दागिने धुवायच्या मशीनमधे किंवा वाफेवर नको. आणि माप बदलायचं असेल तर खडा काढूनच झाळ द्यायला सांगा! माझ्या नणंदेची गुलाबी तुरमली एकानं न काढताच ज्योतीखाली धरली, घरी आणून बघतो तर मधोमध चीर, ती अंगठी अजून डबीतच पडून आहे, बघवत नाही.

तुमच्या पोरीला हिरवा आवडतो तर घ्याच. हिरव्या तुरमलीत पाचूपेक्षा पुष्कळ स्वच्छ खडे मिळतात, ही तिची मोठी जमेची बाजू. फक्त कोणी 'पराईबा' जातीची तुरमली म्हणून निळसर-हिरवा खडा स्वस्तात देत असेल तर लॅबशिवाय पैसे देऊ नका, तो झगझगीत रंग तांब्यामुळं येतो, १९८० च्या दशकात ब्राझीलमधे सापडला आणि तेव्हापासून त्याचे भाव वेगळेच आहेत.

प्रश्न : आजीची माणकाची अंगठी तपासली तर लाल टूरमालिन निघालं. आजीला फसवलं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तसं लगेच धरू नका. पूर्वी लाल दिसलं की माणिक म्हणायचे, आणि यात राजेसुद्धा चुकलेत. १७७७ मधे स्वीडनच्या राजानं रशियाच्या कॅथरीन राणीला भलामोठा 'माणिक' भेट दिला होता, तोही पुढं टूरमालिनच निघाला. या लाल खड्याला रूबेलाइट म्हणतात, त्यात आत चिरा असणं नेहमीचं आहे. पंजे सैल झालेत का तेवढं बघून घ्या अन् आजीची म्हणून घाला.