‘माझ्या दुधामुळेच झाली ना कावीळ?’

प्रसूती विभागातील समुपदेशनात बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘माझ्यामुळेच बाळाला कावीळ झाली ना?’ कोणाला गरोदरपणात प्यालेले हळदीचे दूध आठवते, तर कोणाला बाळाला घातलेले पिवळे झबले. पुढील प्रसंग अशा अनेक भेटींचे सार आहे.

एक पहिलटकरीण होती. पूर्ण दिवसांचे बाळ काविळीच्या उपचारासाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेले आणि ही त्याला अंगावर पाजायला तयार नव्हती. ‘मॅडम, माझं दूधच त्याला बाधलंय.’ सासूबाईंनी तिच्या जेवणातून हळद बंद केली होती आणि काविळीची माळ आणायला माणूस धाडला होता.

‘यात तुमची काही चूक नाही’ हे वाक्य मी पूर्वी वर्षानुवर्षे म्हणत आले. त्याने एखादीचे डोळे कोरडे झाल्याचे मला आठवत नाही. स्वतःला दोष देणाऱ्या आईच्या हाती निदान एक कारण तरी असते. ते काढून घेतले की उरते ती केवळ असहायता. म्हणून आता मी दोष खोडून काढत बसत नाही, प्रश्न विचारते.

‘बाळाच्या अंगातला हा पिवळेपणा बाहेर कुठून जात असेल?’

ती गप्प राहिली. उत्तर सासूबाईंनी दिले, ‘शी-शूतूनच जाणार, आणखी कुठून?’

‘आणि शी होण्यासाठी पोटात काय जायला हवं?’

ती बराच वेळ बाळाकडे पाहत राहिली. ‘म्हणजे मी पाजणं थांबवलं, ते...’ वाक्य तिने अर्धवट सोडले आणि मीही ते पुरे केले नाही, कारण तिथे नवा अपराध जन्मला असता. थोड्या वेळाने तिने परिचारिकेला विचारले, ‘त्याला आता घेऊ का?’ त्या क्षणाचे समाधान मला आजही आहे. संध्याकाळपासून ओले लंगोट मोजण्याचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले.

नवजात बाळाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळे बिलिरुबिन तयार होते आणि कोवळ्या यकृताला त्याचा निचरा काही दिवस जमत नाही. म्हणूनच पूर्ण दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे 60 बाळे पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजणे हा त्यावरचा मोठा आधार आहे. काही बाळांत आईच्या दुधामुळे पिवळेपणा काही आठवडे रेंगाळतो हे खरे. तरीही सहसा दूध थांबवायचे नसते. कोवळ्या उन्हात ठेवले की बाळाची कावीळ उतरते, ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण 1950च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड येथे एका परिचारिकेच्या अशाच निरीक्षणातून प्रकाशोपचार पुढे आला; पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि उघडे बाळ भाजते किंवा गारठते. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा दिसला, तो पायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, शी पांढुरकी किंवा शू गडद झाली, अथवा दोन आठवड्यांनंतरही रंग उतरला नाही, तर तपासणीला उशीर नको. नुसत्या डोळ्यांचा अंदाज, विशेषतः सावळ्या बाळात, फसतो.

घरी जाताना फेरतपासणीची तारीख सुनेने स्वतः विचारून घेतली. सासूबाई दारातून परत वळल्या. ‘हिच्या वरणात आता हळद घालू ना?’ मी म्हणाले, ‘घाला.’