गळका ट्रॉली जॅक : दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : चिपळूणमध्ये माझे चारचाकी गाड्यांचे छोटे गॅरेज आहे. माझ्याकडील ३ टनी ट्रॉली जॅक २२ जुलै २०२१ च्या पुरात दीड दिवस गाळाच्या पाण्यात बुडालेला होता. पाणी ओसरल्यावर तो पुसून, वरून ऑइल लावून मी तसाच वापरात घेतला. गेल्या पावसाळ्यापासून दांड्याच्या बाजूला जमिनीवर ऑइलचा डाग पडतो आणि उचललेली गाडी अर्ध्या तासात दोन बोटे खाली बसते. दुरुस्तीवाला किट आणि मजुरी मिळून १,६०० रुपये मागतो, नुसते सील किट ४५० रुपयांना मिळते, तर नवा जॅक ८,५०० रुपयांना आहे. दुरुस्ती करावी की नवाच घ्यावा? (एक गॅरेजचालक, चिपळूण)

उत्तर : निर्णय होईपर्यंत या जॅकने एकही गाडी उचलू नये, ही पहिली विनंती. आपल्या पत्रात दोन वेगळे आजार एकत्र आले आहेत. जमिनीवर डाग पडणे ही बाहेरची गळती आहे, तर गाडी हळूहळू बसणे ही बहुतेक वेळा आतली गळती असते. आतल्या गळतीत ऑइल बाहेर न येता दाबाच्या बाजूकडून टाकीत परत जाते, त्यामुळे जमीन कोरडी असूनही जॅक बसू शकतो. या दोन्हींची कारणे आणि खर्च निराळे असल्यामुळे आधी त्या वेगळ्या ओळखाव्या लागतील.

बाहेरच्या गळतीचा उगम शोधण्यासाठी जॅक डिझेलने धुऊन कोरडा करावा, खाली पांढरा कागद पसरावा आणि गाडी न उचलता रिकामा दांडा वीस-पंचवीस वेळा मारावा. ऑइल पंपाच्या प्लंजरभोवती (दांडा मारला की ऑइल ढकलणाऱ्या लहान दट्ट्याभोवती) दिसले, तर तेथील ओ-रिंग (गोल रबरी कडे) गेलेली आहे. रिलीज व्हॉल्व्हच्या (जॅक खाली उतरवण्यासाठी उघडायच्या झडपेच्या) दांडीतून पाझरत असेल, तर तेथील रिंग बदलावी लागेल. ऑइल भरण्याच्या भोकाचे रबरी बूच ओले दिसले, तर बऱ्याचदा ऑइल जास्त भरलेले असते आणि काहीही न बदलता काम भागते. या तिन्ही दुरुस्त्या किरकोळ आहेत, आणि आपला डाग दांड्याच्या बाजूला पडत असल्यामुळे तो पहिल्या दोन जागांपैकी एका ठिकाणचा असण्याची शक्यता अधिक आहे. ऑइल रॅमच्या (उचलणाऱ्या हाताला ढकलणाऱ्या मोठ्या दट्ट्याच्या) तोंडाशी, म्हणजे पुढच्या बाजूला आले असते, तर मी इतक्या निश्चिंतपणे लिहिले नसते.

गाडी बसण्याचे कारण दांडा सांगतो. पुढील परीक्षा दुरुस्तीपूर्वी शेवटची एकदाच करावी. गाडी अगदी थोडी उचलून तिच्याखाली भक्कम स्टँड बोटभर अंतर सोडून लावावेत, कोणीही खाली जाऊ नये आणि दांड्याकडे पाहत राहावे. दांडा आपोआप वर सरकू लागला, तर पंपाकडून रॅमकडे ऑइल सोडणारा छर्रा (भोक मिटवणारी पोलादी गोळी) आपल्या सीटवर, म्हणजे बैठकीवर, नीट बसत नाही, कारण रॅमचा दाब उलट फिरून प्लंजरला वर ढकलतो. दांडा जागचा हलत नाही आणि तरीही गाडी बसते, तर बहुधा रिलीज व्हॉल्व्हचा छर्रा किंवा रॅमचे मुख्य सील दोषी असते. पुरात बुडालेल्या जॅकच्या बाबतीत माझा पहिला संशय छर्र्यांवरच जातो. वाशिष्ठी नदीचा गाळ इतका बारीक असतो की बुचाच्या फटीतून पाण्याबरोबर टाकीत शिरलेला एखादा कणही पाच-सहा मिलिमीटरच्या छर्र्याखाली अडकला, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

एवढ्याशा कणाने इतका फरक का पडावा, हे दाबाचा हिशेब पाहिला की लक्षात येते. प्लंजरचा व्यास १२ मिलिमीटर आणि रॅमचा ३६ मिलिमीटर धरला, तर व्यास तिप्पट असला तरी क्षेत्रफळ ९ पट होते आणि तेवढ्याच पटीने जोर वाढतो. शिवाय ट्रॉली जॅकमध्ये रॅम गाडीला थेट उचलत नाही, तर उचलणाऱ्या हाताला बिजागरीच्या जवळ ढकलतो. म्हणून रॅमवर गाडीच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. कारच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला दोन-अडीच किलो दाब असतो, तर भार घेतलेल्या जॅकच्या ऑइलमध्ये तो शेकड्यांत जातो. म्हणून जेथून पाण्याचा थेंबही गळणार नाही, तेथून हे ऑइल वाट काढते. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हाही खरी अडचण जोर निर्माण करण्याची नव्हती, तर सरकत्या रॅमभोवतीची गळती थांबवण्याची होती. दाब वाढेल तशी अधिक घट्ट बसणारी कातड्याची वाटी हा त्यावरचा उपाय ठरला. आजचे ओठाचे (लवचीक कडेचे) सील त्याच तत्त्वावर चालते, आणि म्हणूनच ते उलटे बसवले तर नवे कोरे असूनही पहिल्याच दिवशी गळते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हा निर्णय किटच्या किमतीवर नव्हे, तर रॅमच्या पृष्ठभागावर घ्यावा. स्प्रिंग काळजीपूर्वक सोडवून, जुने ऑइल काढून रॅम बाहेर घ्यावा, केरोसीनने पुसावा आणि त्याच्या क्रोमवरून अंगठ्याचे नख लांबीच्या दिशेने हळू फिरवावे. नुसते डाग दिसत असतील पण नख कोठेही अडत नसेल, तर रॅम चालेल. गंजाच्या खड्ड्यात नख अडकले आणि तो खड्डा सीलखालून जाणाऱ्या भागात असेल, तर नव्या सीलचे ओठ तो कानशीसारखे घासून काढील. काही जॅकमध्ये सील रॅमच्या आतल्या टोकाला बसते. तेथे हीच परीक्षा बोटाने सिलिंडरच्या आतील भिंतीवर करावी. लेथवाल्याकडून रॅम घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घेता येतो, परंतु एवढ्या लहान जॅकसाठी तो खर्च परवडणारा नाही.

काढलेले ऑइल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. ते ताकासारखे पांढरट असेल, तर पुराचे पाणी अजून आतच आहे आणि इतकी वर्षे ते पोलाद खात आहे. अशा वेळी नखाची परीक्षा अधिक कठोरपणे घ्यावी.

रॅम उत्तीर्ण झाला, तर ४५० रुपयांचे किट घेऊन दुरुस्ती स्वतःच करावी, कारण आपण रोज पाने हाताळणारे आहात. छर्रे आणि त्यांच्या स्प्रिंगा ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर खुणा करून ठेवाव्यात. ओ-रिंगचे माप फुगलेल्या जुन्या रिंगवरून न घेता खाचेवरून व्हर्नियरने घ्यावे. सीट साफ केल्यावर जुना छर्रा तिच्यावर ठेवून पितळी दांडीने एकच हलका ठोका द्यावा, म्हणजे सीटवर नवी गोल कड उमटते, आणि नंतर तेथे नवा छर्रा घालावा. सील ऑइलमध्ये बुडवून, ओठ दाबाच्या बाजूला ठेवून बोटांनी बसवावे. स्क्रू ड्रायव्हरची धार त्याला लागू देऊ नये. जादा भाराचा सुरक्षा व्हॉल्व्ह मात्र अजिबात फिरवू नये. त्याची मर्यादा कारखान्यात ठरवलेली असते आणि ती गॅरेजमध्ये अंदाजाने पुन्हा लावता येत नाही.

रॅम पूर्ण आत असताना ऑइल बुचाच्या भोकाच्या किंचित खालपर्यंत भरावे. नंतर रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा भराभर मारावा, म्हणजे अडकलेली हवा टाकीत येते. मग वर सांगितल्याप्रमाणे स्टँड लावून गाडी उचलावी, खडूने खूण करावी आणि अर्धा तास थांबावे. खूण हलली, तर जॅक वापरात घेऊ नये.

रॅमला खड्डे असतील, उचलणारा हात वाकलेला असेल किंवा सांगाड्याच्या वेल्डिंगला बारीकशीही चीर दिसत असेल, तर नवा जॅक घ्यावा. १,६०० रुपयांची दुरुस्ती अशा जॅकवर करणे म्हणजे ती रक्कम दोन पावसाळ्यांत पुन्हा खर्च करणे होय.

प्रश्न : जॅकचे ऑइल कमी झाल्यावर घरातील उरलेले ब्रेक ऑइल घातले. त्याने काही बिघडेल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : होय, बिघडेल. जॅकमधील रबर बहुधा खनिज तेलासाठी बनवलेल्या नायट्राइलचे असते. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकोलचे असल्यामुळे त्यात ते फुगून मऊ पडते, आणि हे ऑइल हवेतील ओलावा शोषून गंजालाही निमंत्रण देते. सगळे ऑइल काढून, जॅक दोनदा नव्या हायड्रॉलिक ऑइलने खळबळून घ्यावा आणि ३२ ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल भरावे. रबर आधीच चिकट झाले असेल, तर किट बदलावेच लागेल. उलट चूकही तितकीच घातक आहे. जॅकचे खनिज ऑइल गाडीच्या ब्रेकच्या टाकीत गेले, तर तेथील रबरे फुगतात आणि ब्रेक दगा देतात. म्हणून दोन्ही डबे वेगवेगळ्या फळीवर, ठळक अक्षरांत नावे लिहून ठेवावेत.

प्रश्न : नवा जॅक कोकणच्या दमट हवेत कसा ठेवावा? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : काम संपले की रिलीज व्हॉल्व्ह उघडून रॅम पूर्ण आत बसू द्यावा. क्रोमचा चकाकणारा भाग सिलिंडरच्या आत राहिला, तर त्याला दमट हवा लागत नाही. जॅक चारही चाकांवर सपाट ठेवावा, आडवा किंवा उभा करू नये. पावसाळ्यात तो जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा आणि महिन्यातून एकदा रॅम रिकामाच पूर्ण बाहेर काढून ऑइलच्या फडक्याने पुसून पुन्हा आत बसवावा.