वडिलांच्या कानाचा पडदा चांगला आहे, मग बोललेलं का कळत नाही?

तुम्ही लिहिलंय की वडील सोलापुरात यंत्रमागावर काम करतात, डॉक्टरांनी पडदा चांगला असल्याचं सांगितलं, तरी त्यांना बोललेलं कळत नाही. आणि आवाज चढवला की 'ओरडतोस कशाला' म्हणून चिडतात. मी इथेच पूर्व भागात कानाच्या तपासण्या करतो. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतून येणाऱ्यांच्या घरच्यांची तक्रार जवळपास याच शब्दांत असते. वडील सोंग करत नाहीयेत, हे आधी सांगतो.

आपल्याकडे कान म्हटलं की पडदा. पण पडदा नुसता हलतो. त्याचं हलणं हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं आत पोचवतात. यातली रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. एवढा भाग वडिलांचा ठणठणीत आहे. ऐकण्याचं खरं काम त्याच्या पुढे, कॉक्लियात होतं. शंखासारखी अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी; उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर.

तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी, म्हणजे टोकाला केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी, असतात. आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. बाहेरच्या रांगांमधल्या पेशी स्वतः लांब-आखूड होऊन बारीक आवाजाला जोर देतात. मागाच्या आवाजाने आधी मरतात त्या या बाहेरच्या. मग हळू बोललेलं पोचतच नाही, पण मोठ्या आवाजाला ही मदत लागत नसल्याने तो पूर्वीइतकाच मोठा लागतो. 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नको' यांच्यामधली जागा अरुंद होऊन जाते. तुमच्या घरातली अर्धी भांडणं या पेशींमुळे असणार.

आता शब्द का कळत नाहीत ते. कॉक्लियात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते : पट्टी जितकी उंच तितकी ती रिकीब जिथे टेकते त्या खिडकीजवळ, खालचे स्वर आत टोकाशी. हे उलगडून दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञांना १९६१ साली नोबेल मिळालं. गोंगाटाचा पहिला मार मात्र जवळजवळ नेहमी ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो, आवाज मागाचा असो की डीजेचा. एक मोठं कारण बाहेरच आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद; अशी नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून आत सोडते, आणि इजा त्याच्या थोडी वरच्या पट्टीत दिसते. बोलण्यातले स, श, त, ठ यांना ओळख देणारे बारीक आवाज बरेचसे याच भागातले. अ-आसारखे स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. म्हणून वडिलांना 'आ' ऐकू येतो. तो सातातला, साठातला की हातातला हे कळत नाही. भांडं पडलेलं मात्र लगेच कळतं.

कानाला स्वतःचं संरक्षण आहे, पण ते मागासाठी बनलेलं नाही. मोठा आवाज आला की एक इवलासा स्नायू रिकीब आवळून धरतो. त्याला आवळायला क्षणाचा छोटा अंश का होईना लागतो, आणि मागात आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला बसणारा फटका तेवढ्यात आत गेलेला असतो. शिवाय तो अडवतो मुख्यतः खालच्या पट्टीतला आवाज. धोटा नसलेल्या नव्या मागांवर हा फटका नसतो, तरी त्या शेडमध्येही तोंडाजवळ तोंड नेल्याशिवाय बोलता येत नाही.

मेलेल्या केसपेशी माणसात परत येत नाहीत. कोंबडीत येतात, आपल्यात नाही. त्यामुळे कोमट तेल, थेंब, मळ काढणं यातलं काही इथे उपयोगाचं नाही. श्रवणयंत्र घ्यायचं तर ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा आलेख, पाहून पट्टीनुसार जुळवलेलं घ्या. सगळाच आवाज वाढवणारं स्वस्त यंत्र घेतलंत तर ते आठवड्यात कपाटात जाईल. बोलताना समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला. आणि ते अजून कामावर जात असतील तर कानात सुताचा बोळा नको, नीट बसणारे इअरप्लग हवेत. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास कानाला झेपत नाहीत असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

कागद जपून ठेवा. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या परिशिष्टातही तो आहे. कारखान्यात ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तिथे आधी विचारा.

तपासणीला मात्र पाळी संपवून थेट येऊ नका. त्या वेळी कान तात्पुरता आणखी बधिर असतो आणि आलेख खोटा वाईट दिसतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जायच्या आधी सकाळी आणा.